‘मुक्कामी’: एका प्रेमकादंबरीच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

आजपासून ही वही फक्त कादंबरीची. आजवर चार कथा दिवाळी अंकांत आल्या, चारही प्रेमकथाच. आता मोठं काम हातात घेतलंय. वेळ ठरवली: पहाटे पावणेपाच ते सहा. सहाला नळाला पाणी येतं, तिथं थांबायचं. दोनशे पानी वही, उजव्या पानावर लिहायचं, डावं पान दुरुस्तीसाठी कोरं. दोन पानं झाली तर उत्तम, दोन ओळी झाल्या तरी वही उघडायचीच. तात्पुरतं नाव ‘प्रीतिसंगम’.

बीज आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर वर्षभरानं मीच त्याला रंग चढवीन.

मी कराडहून पाटणला नोकरीला जाते, पतसंस्थेत हिशेब बघते. सकाळची एसटी. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गाडीला एक वाहक ताई आहेत. विजयनगर, सुपने करत गाडी पुढं आली की त्यांची तिकिटं संपतात. निसरे फाट्याच्या जरा अलीकडे त्या उठून पुढं जातात आणि चालकाच्या मागच्या दांडीला धरून उभ्या राहतात. समोरून पाटणहून कराडला निघालेली गाडी येते. तिच्या चालकाची चार बोटं स्टिअरिंगवरून उचलली जातात. एसटीचे चालक एकमेकांना असा हात करतातच, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नाही. पण तो हात आमच्या चालकासाठी नसतो. ताईंची मान कळेल न कळेल इतकी हलते, आणि त्या मागं येऊन आपल्या सीटवर बसतात.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी समोरच्या गाडीवर दुसराच माणूस होता. ताई तशाच उभ्या राहिल्या. मशीनमधून बाहेर आलेली कागदाची शेपटी नखानं कुरतडत मल्हारपेठेपर्यंत उभ्या होत्या. मागून एक आजी ‘बाई, तिकीट’ म्हणत होत्या, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी ऑफिसात माझी बेरीज दोनदा चुकली.

११ जानेवारी २०२४

ताईंना विचारायचं का, हे तीन दिवस डोक्यात घोळतंय. नाही विचारणार. कुणाच्या आयुष्यातले चार सेकंद मला दिसले म्हणून बाकीचं आयुष्य उकरायचा हक्क मला मिळत नाही. बाकीचं मी रचायचं. नायिका सुवर्णा, वय ३३, वडील नाहीत, धाकट्या दोन भावंडांचं शिक्षण तिच्या पगारावर. दत्ता चालक, मुक्कामी गाडीवर. तो हात आणि ती दांडी तेवढी खरी. चेहरा, आवाज, घर, सगळं दुसरं.

२७ जानेवारी २०२४

शेजारचे काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेत. आज दोन तास त्यांच्याकडे बसले. मशीन येण्याआधीचा तिकिटांचा ट्रे, पंचची टिकटिक, वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, भरताना जुळेना झालेले दीड रुपये, मुक्कामाच्या गावात गाडीतच अंथरलेली वळकटी, पाटलाच्या घरून आलेली भाकरी आणि पहाटे साडेपाचला काचेवर टकटक करणारी दूधवाली पोरं. मी भराभर टिपून घेत होते.

मग काकांनी शर्टाची कॉलर बाजूला केली. डाव्या खांद्यावर दोन बोटं रुंद खाच. केस नाहीत, कातडी गुळगुळीत, आजूबाजूपेक्षा एक छटा काळी. ‘चामडी बॅगेचा पट्टा,’ म्हणाले, ‘रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, अजून बुजली नाही.’

घरी येऊन पहिली ओळ लिहिली ती हीच: सुवर्णाच्या खांद्यावर एक खाच आहे आणि ती दत्तानं अजून पाहिलेली नाही. ही ओळ पुस्तकात पहिल्या पानावर राहीलच असं नाही, पण मला आता कुठं जायचंय ते कळलं.

अजून एक. सुट्टे नसले की वाहक तिकिटाच्या मागं ‘बाकी’ लिहून देतो, उतरताना मागून घ्यायची. लोक विसरून उतरून जातात. काका म्हणाले, ‘ती बाकी मग दिवसभर जिवाला लागून राहायची. पैसा आपला नव्हे ना.’ दत्ता एसटीत भरती व्हायच्या आधी एकदा सुवर्णाच्या गाडीत प्रवासी म्हणून बसतो. ती तिकिटामागं लिहून देते, बाकी ३ रु. तो मागत नाही. ते तिकीट तो ठेवतो.

१६ फेब्रुवारी २०२४

पाच दिवसांचं लिखाण रद्द.

क्रॉसिंगचा प्रसंग निसरे फाट्यावरून उचलून मी कुंभार्ली घाटात नेला होता. चिपळूणची गाडी, पाऊस, धुकं, खाली पोफळी गावाचे दिवे. लिहिताना फार छान वाटलं. काल रात्री मोठ्यानं वाचलं तेव्हा ऐकू आलं ते असं की सगळं घाटच बोलतोय आणि माणसं गप्प आहेत. धुकं काढून घेतलं तर खाली प्रेम शिल्लक राहत नव्हतं.

प्रसंग परत फाट्यावर. टपरी, उसाच्या ट्रॉल्या, धूळ, रसवंतीचा घुंगरू. वेळापत्रकानं या दोघांना हीच जागा दिलीय, त्यांना निवड नाही. आणि रोजच्या कामात अडकलेल्या माणसांचं प्रेम असंच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या मिनिटाला होतं. मला हेच लिहायचंय.

‘प्रीतिसंगम’ हे नावही काढलं. कृष्णा आणि कोयना कराडात समोरासमोर येऊन मिळतात. लहानपणापासून मी त्या घाटावर बसत आलेय, आणि ते नाव फार सुंदर आहे. पण ते नाव नद्यांचं आहे, या दोघांना रोज मिळतात ते चारच सेकंद. नवीन नाव ‘मुक्कामी’.

५ मार्च २०२४

अडकले होते, आज सुटलं. सविस्तर लिहून ठेवते.

प्रेमकथेत वाचक एकच गोष्ट विचारत असतो: हे दोघं एकत्र का येत नाहीत? माझ्या आधीच्या चारही कथांत उत्तर होतं गैरसमज. तिनं त्याला दुसरीबरोबर पाहिलं, त्याचं पत्र तिला मिळालंच नाही, असं काहीतरी. आता त्या वाचवत नाहीत, कारण एका फोननं सगळं मिटलं असतं. अडथळा असा हवा की दोघांचंही खरं असावं, दोघांनाही ते कळत असावं, आणि तरीही पाऊल पुढं पडू नये.

तो अडथळा आमच्या आगाराच्या दारातच उभा होता आणि मला दिसला नव्हता. २०२१-२२ चा संप.

तारखा जुळवून घेतल्या. २६ ऑक्टोबर २०२१ पासून तिकीटदर १७.१७ टक्क्यांनी वाढले. त्याच आठवड्यात आंदोलन पेटलं आणि दिवाळीत एकेक आगार बंद पडत गेलं. मुख्य मागणी महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा ही. नोव्हेंबरच्या अखेरीला पगारवाढ जाहीर झाली, काही जण कामावर परतले, बरेच परतले नाहीत. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं, तेव्हा कुठं चाकं पूर्ण फिरायला लागली. साडेपाच महिने. तेव्हा मी वडापच्या, म्हणजे खासगी वाहतुकीच्या, जीपमध्ये बाराव्या माणसाला मांडीवर घेऊन पाटणला जात होते, आणि आगाराबाहेरच्या मांडवात बसलेली ओळखीची माणसं बघून मान खाली घालत होते. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

सुवर्णा जानेवारीत कामावर जाते. तीन महिने पगार नाही, भावाच्या कॉलेजची फी थकली, किराणावाल्यानं वही बंद केली. दत्ता मांडवातच राहतो. त्याच्याबरोबर बसलेल्या एकाच्या घरी चूल पेटत नसताना तो उठून जाऊ शकत नाही. ती चूक नाही, तोही चूक नाही. पोलीस बंदोबस्तात पहिली गाडी आगाराच्या फाटकातून बाहेर पडते, दारात सुवर्णा उभी आहे, मांडव डाव्या हाताला. दत्ता तिच्याकडे बघतो. हात वर होत नाही.

हे लिहिताना सकाळचे साडेसहा वाजले, पाणी येऊन गेलं.

१ जून २०२४

एसटीचा वाढदिवस. १९४८ साली याच तारखेला पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली. आज आगारात रांगोळी, गाडीला हार, प्रवाशांना पेढे. फाट्यावरच्या ताईंनी मला पेढा दिला आणि विचारलं, ‘रोज काय लिहिता हो वहीत?’ मी ‘गोष्ट’ म्हणाले. ‘लिहा लिहा,’ म्हणाल्या आणि पुढच्या सीटकडे गेल्या.

पाठीवरून घाम आला होता.

१४ जुलै २०२४

प्रकरण ९. जवळिकीचा प्रसंग. आठ वेळा लिहिला.

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणून स्वतःसाठी लिहिते. लाज वाटली की आपण तयार वाक्यांच्या आड जातो. ओठ थरथरतात, श्वास श्वासात मिसळतात, काळ थांबतो. माझ्या पहिल्या सात खर्ड्यांत काळ प्रत्येक वेळी थांबलेला आहे. आणि वाचणारीच्या पोटात काहीसुद्धा हलत नाही, कारण असे ओठ कुणाचेही असू शकतात.

आठव्या वेळी मी फक्त हात काय करतात ते लिहिलं. सुवर्णाच्या बॅगेचा पट्टा तुटलेला आहे. दत्ता आगाराच्या मागच्या बाकावर बसून दाभणानं तो शिवतोय. मेणाचा दोरा तो दातानं तोडतो. शिवून झाल्यावर लांबी बघायची म्हणून पट्टा तिच्या खांद्यावर घालतो, आणि त्याचा अंगठा पदराखालून त्या खाचेत बसतो. तो अंगठा काढत नाही. ती सांगत नाही काढ म्हणून. इतकंच. पावणेदोन पानं.

हे प्रकरण सासूबाईंना वाचायला दिलं. मन घट्ट करावं लागलं, पण माझी वाचक अशीच आहे, सत्तरीची आणि सतराची. सासूबाई नव्या सून होत्या तेव्हा १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषण ऐकायला गेल्या होत्या, दुर्गाबाई भागवतांचं. घरात वाचनाचा शब्द त्यांचाच. त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुझे सासरे माझ्या पायातला काटा काढायचे तेव्हा सुई आधी दिव्यावर धरायचे.’

हे मी कादंबरीत घेतलेलं नाही. ते त्यांचं आहे.

३ ऑक्टोबर २०२४

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी. रात्री टीव्हीवर सगळ्यांचे आनंदाचे चेहरे, माझाही होता.

मराठीचं जुनेपण दाखवताना ज्या ग्रंथांचा आधार दिला गेला त्यात गाथासप्तशती आहे. हाल सातवाहनानं गोळा केलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. आणि त्या आहेत कशाच्या? बहुतेक प्रेमाच्या. गोदावरीकाठची शेतं, परगावी गेलेला नवरा, पाणवठ्यावरची नजर, शेजारणीला दिलेला खोटा बहाणा. राजे-रजवाड्यांच्या नव्हेत, गावातल्या साध्या बाया-माणसांच्या. आमच्याकडे कुणी ‘प्रेमकथा लिहिते’ म्हटलं की ऐकणारा ‘अरे वा’ म्हणून लगेच विषय बदलतो. पुढच्या वेळी मी विषय बदलू देणार नाही. आपल्या भाषेच्या थोरपणाचा पुरावा म्हणून आपण प्रेमाच्याच ओळी पुढं केल्या आहेत.

२ नोव्हेंबर २०२४

पाडवा. पहिला खर्डा पूर्ण. अडीच वह्या. शेवट: दत्ताची बदली होते, निसरे फाट्यावर रोज दुसराच चालक, सुवर्णा दांडी धरून उभी.

१५ डिसेंबर २०२४

दीड महिना वहीला हात लावला नाही, मुद्दाम. आता काकांना वाचायला दिली. परत देताना त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज रागाचा. ‘एवढं वाचून घेतलंस आणि शेवटी पोरगी एकटीच? साडेपाच महिने तिनं भोगलं, मी तिच्याबरोबर भोगलं. काय मिळालं तिला?’

रात्रभर विचार केला. विरहाचा शेवट मी का लिहिला होता? तो कथेत होता म्हणून नव्हे. तो जास्त ‘साहित्यिक’ दिसेल, प्रेमकथेला कमी लेखणाऱ्यांना आवडेल म्हणून. हे कबूल करायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. प्रेमकादंबरी उघडणाऱ्या माणसाला लेखिकेनं शब्द दिलेला असतो की शेवटी हे दोघं एकमेकांचे होतील. तो शब्द पाळायचा तर ते सोपं करून चालत नाही, दोघांनी ते कमवायला हवं. कौशल्य लागतं ते तिथं.

म्हणून नवीन शेवट. संप मिटल्यावर दोघं आठ महिने बोलत नाहीत. बोलणं सुरू होतं ते तीन रुपयांवरून. दत्ता ते जुनं तिकीट काढून तिच्या हातात ठेवतो, ‘माझी बाकी राहिलीय’. आणि शेवटच्या पानावर ड्युटी लागते ती पहिल्यांदाच दोघांची एका गाडीवर. तो स्टिअरिंगला, ती दारात. ती दोरी ओढते, टण टण. गाडी निघते. डबल बेलवर संपवलं, पुढं एक अक्षर नाही.

२५ जानेवारी २०२५

एसटीची भाडेवाढ, १४.९५ टक्के. बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट असल्यानं मला थोडं कमी जाणवलं. पण कादंबरीतले सगळे आकडे २०२१ चेच ठेवायचे, हे लक्षात राहावं म्हणून लिहिलं. प्रकरण ३ भाडेवाढीच्या आधीचं, प्रकरण ५ नंतरचं. सुवर्णा प्रकरण ५ मध्ये पहिल्यांदा जुनंच भाडं सांगते आणि जीभ चावते, ही दुरुस्ती आज डाव्या पानावर.

१८ मार्च २०२५

टंकलेखन चालू. मोबाइलला बोलून टाइप करत होते, निवेदन झकास येतं. संवाद मात्र येत नाहीत. मी म्हणते ‘न्हाय’, फोन लिहितो ‘नाही’. मी म्हणते ‘कुठं निघालीस गं’, फोन ‘कुठे निघालीस ग’. आमच्या पाटण खोऱ्यातलं बोलणं त्याला माहीत नाही. संवाद सगळे अंगठ्यानं टाइप करतेय. एकूण शब्द ५८ हजारांच्या आसपास जातील.

१० एप्रिल २०२५

सहा प्रकाशकांना पाठवलं. प्रत्येकाला पहिली तीन प्रकरणं, दोन पानांचा गोषवारा (शेवटासकट, शेवट लपवायचा नसतो), आणि माझ्याबद्दल पाच ओळी.

३० जून २०२५

हिशेब. दोघांचं उत्तर नाही. एकाचं अत्यंत सभ्य पत्र, ‘आम्ही प्रेमकथा करत नाही’. एकानं ४५ हजार रुपये भरा, दोन महिन्यांत पुस्तक हातात, असं कळवलं. त्या फोननंतर मी दोन दिवस नीट जेवले नाही. पैसे ही एक गोष्ट. पण त्यांनी तीन प्रकरणांतलं एकही वाक्य वाचलेलं नव्हतं, सुवर्णाला ते ‘सुनीता’ म्हणत होते. एकाला कादंबरी हवी होती, पण संप काढून. ‘वाचकाला राजकारण नको असतं’ असं त्यांचं म्हणणं. संप काढला तर या दोघांमध्ये उरतो तो परत गैरसमजच. नाही म्हणून कळवलं. हात थरथरत होता, कारण एवढं एकच खरंखुरं ‘हो’ आलं होतं.

सहावा राहिलाय.

१९ जुलै २०२५

सहाव्यांचा फोन. पुण्यातलं लहान प्रकाशन. संपादक बाई पहिल्या वाक्यालाच म्हणाल्या, ‘तो अंगठा काढत नाही ना, तिथं मी थांबले.’ मला वाटलं, यांना तर फक्त तीन प्रकरणं पाठवली होती, प्रकरण ९ नाही. मग आठवलं, मागच्या महिन्यात त्यांनी संपूर्ण हस्तलिखित मागवून घेतलं होतं, ते मी विसरूनच गेले होते.

मी स्वयंपाकघरात खाली बसले.

६ ऑगस्ट २०२५

करार आला. आधी कायदा वाचला मग सही, हे स्वतःला बजावलं होतं. मसुद्यात होतं, सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणजे न लिहिलेलं लेखकाला सांभाळून घेतं. पण एकदा ‘कायमस्वरूपी’ लिहून त्याखाली सही केली की ते कवच राहत नाही.

मी तीन गोष्टी कळवल्या. मुदत पाच वर्षं. हक्क फक्त मराठी छापील पुस्तकाचे. ऑडिओ, ई-बुक, अनुवाद, चित्रपट यांचं प्रत्येक वेळी वेगळं बोलायचं. वाटलं होतं बिनसणार. संपादक बाईंनी दुसऱ्याच दिवशी मसुदा बदलून पाठवला, ‘मागणारे लेखक कमी असतात’ असं म्हणाल्या.

बाकी: ५०० प्रती, छापील किंमत ३०० रुपये, मानधन १० टक्के, लेखकाला दहा प्रती. सगळ्या प्रती गेल्या तर मला १५ हजार मिळतील. वितरकाला चाळीस-पन्नास टक्के जातात, कागद, छपाई, बांधणी, त्यांच्याही हाती फार उरत नाही. मला आकडे कळतात, दिवसभर तेच काम करते. या पुस्तकाची किंमत मी त्या आकड्यांत धरलेलीच नव्हती.

२८ सप्टेंबर २०२५

पहिली मुद्रितं आली आणि छातीत धस्स झालं.

मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर अक्षरजुळणीच्या वेगळ्या फॉन्टमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चं ‘दुस-या’ झालंय. जिथं जिथं हा र आहे तिथं मधे आडवी रेघ. हे सुधारता येतं. पण कुणीतरी भल्या हेतूनं सगळीकडे ‘न्हाय’ शोधून ‘नाही’ केलंय, ‘व्हय’चं ‘होय’ केलंय. मांडवात बसलेला दत्ता एकदम वर्तमानपत्रासारखा बोलतोय. ‘मी येणार नाही.’ हे वाक्य दत्ता जन्मात म्हणणार नाही. तो म्हणतो, ‘म्या न्हाय यायचा.’

रजा टाकली. चार दिवस, लाल पेन, मूळ वह्या शेजारी उघड्या. २१२ ठिकाणी न्हाय परत न्हाय केलं. प्रत्येक ठिकाणी वाक्य ओठांनी म्हणून पाहिलं, आणि १७ ठिकाणी लक्षात आलं की इथं खरंच ‘नाही’ हवं होतं, कारण दत्ता तिथं साहेबांशी बोलतोय. तेवढे राहू दिले.

१६ ऑक्टोबर २०२५

पानं २१३ भरली. एक फर्मा सोळा पानांचा, तेरा फर्मे म्हणजे २०८. पाच पानांसाठी चौदावा फर्मा नको, असं प्रकाशनाचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. काय काढायचं? प्रकरण ६ मधलं कोयनेच्या पुराचं वर्णन अख्खं काढलं. मला फार आवडायचं ते. काढल्यावर प्रकरण ६ वाचलं तर सुवर्णा घरी लवकर पोचते, आणि तेच बरं.

११ नोव्हेंबर २०२५

मुखपृष्ठ. पहिला नमुना: सूर्यास्त, उडणारे केस, पाठमोरी मुलगी, कोपऱ्यात लाल बस. चित्रकारानं मनापासून केलं होतं, पण ही मुलगी तिकिटं देणारी नव्हती. मी माझ्या पाकिटातलं एक तिकीट मोबाइलवर फोटो काढून पाठवलं. आठ दिवसांनी जे आलं त्यावर मला बोलता येईना. पुढच्या बाजूला पुस्तकाएवढं मोठं केलेलं, घडी पडलेलं, कडा मऊ झालेलं तिकीट. मलपृष्ठावर त्याच तिकिटाची मागची बाजू, आणि बॉलपेननं, घाईत लिहिलेलं: बाकी ३ रु.

९ डिसेंबर २०२५

छापायला गेलं. आयएसबीएन आला, तेरा आकडी, मी तो पाठ केला. संपादक बाईंनी सहज सांगितलं की १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते. म्हणजे निसरे फाटा कोलकात्याला पोचणार. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी देवाजवळ साखर ठेवली.

३ जानेवारी २०२६

सातारचं साहित्य संमेलन, १ ते ४ जानेवारी. आमच्या जिल्ह्यात संमेलन आणि त्यातल्या एका गाळ्यावर माझं पुस्तक. दुपारभर गाळ्यामागं उभी होते, लेखिका म्हणून नव्हे, बिलं करायला माणूस कमी होता म्हणून. एक बाई लेकीबरोबर आल्या, पुस्तक उलटं-सुलटं केलं, ‘बाकी ३ रु.’वर बोट फिरवलं. मग मला विचारलं, ‘शेवट गोड आहे ना? आमच्या हिला रडवून ठेवणारं नको.’ मी हो म्हणाले. शब्द दिला. त्यांनी दोन प्रती घेतल्या.

१२ जानेवारी २०२६

फाट्यावरच्या ताई अजून याच गाडीला आहेत. एक प्रत आठवडाभर पिशवीत घेऊन फिरत होते. आज गाडीत गर्दी कमी होती. सुपने गेल्यावर त्या तिकिटाला आल्या, मी नोट दिली, सुट्टे नव्हते. त्यांनी तिकिटाच्या मागं लिहून दिलं. मी पुस्तक पुढं केलं, ‘मी रोज लिहायचे ना, ती ही गोष्ट. तुमच्यासाठी आणलीय.’

त्यांनी मुखपृष्ठ बघितलं, उलटून मागचं बघितलं. मागचं जरा जास्त वेळ बघितलं. काही बोलल्या नाहीत. पुस्तक चामडी बॅगेत घातलं, चेन लावली आणि उठून पुढं गेल्या, कारण निसरे फाटा आला होता. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

पाटणला उतरताना त्यांनी मला दारात थांबवलं. बॅगेच्या कप्प्यातून नाणी मोजून माझ्या तळहातावर ठेवली.

‘सुट्टीच्या दिवशी वाचते,’ म्हणाल्या. ‘आधी तुमची बाकी घ्या.’